मेर्सी म्हणजे नको!

परवा एफसी रोडवर एका मैत्रिणीला भेटले. आयटीत पाच वर्षं काढून, दोन अप्रेझल्सचा राग पोटात ठेवून आणि शनिवार-रविवार फ्रेंचचे क्लास करून बाईसाहेब आता फ्रान्सला चालल्यात. शिकायला नाही हं, शिकवायला! सात महिने एका छोट्या गावातल्या शाळेत पोरांशी इंग्रजी बोलायचं, म्हणजेच ‘लँग्वेज असिस्टंट’ व्हायचं. टेबलवर तिची यादी पसरली होती. थर्मल, अॅडॅप्टर, मेतकूट, क्रोसिन, दोन बॅगांचं मिळून ४६ किलो. मला विचारत होती, कुकर नेऊ का?

मग तिने मोबाइल पुढे केला. जिथे राहायचंय त्या घरच्या बाईंचा मेल होता, अगदी साधा. तू काय खातेस, काय खात नाहीस, आधी कळवशील का? खाली हिचं उत्तर तयार होतं, फक्त ‘सेन्ड’ दाबायचं बाकी. ‘आय ईट एव्हरीथिंग. प्लीज डोन्ट वरी!’ आणि पुढे स्मायली.

मी कॉफीचा मग खाली ठेवला. म्हटलं, बये, थांब. हे वाक्य मी लिहून बसलेय. त्याच्यामुळे एक आख्खं नवरात्र मी कडकडीत उपास केलाय!

तर झालं असं. २०२२ सालची गोष्ट. मास कॉम करून तीन वर्षं इकडेतिकडे लिहीत होते, पैसे यथातथाच मिळत होते आणि रानडेच्या गल्लीत शिकलेलं फ्रेंच गंजत चाललं होतं. कुणीतरी या प्रोग्रॅमबद्दल सांगितलं. फंडा सोपा आहे. फ्रान्सचं सरकार वेगवेगळ्या देशांतली तरुण मंडळी बोलावतं. १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल, आठवड्याला १२ तास. वर्गशिक्षकाबरोबर किंवा अर्ध्या वर्गाला घेऊन त्यांना बोलतं करायचं. पेपर तपासायचे नाहीत, पोर्शन संपवायचा नाही. हातात महिन्याला साधारण ८०० युरो पडतात. पॅरिसमध्ये यात भागवणं महाकठीण, पण लहान गावात ठीकठाक चालतं. गाव मात्र आपण ठरवत नाही. फॉर्ममध्ये आवडीनिवडी लिहायच्या आणि देवावर सोडून द्यायचं. मी समुद्र मागितला होता. मिळाला ज्वालामुखी.

गावाचं नाव ल प्वी-आँ-व्हले. फ्रान्सच्या मधोमध ओव्हेर्न्यचा डोंगराळ भाग आहे, तिथलं. लोकवस्ती वीसेक हजार, म्हणजे आपल्या एका मोठ्या सोसायटी कॉम्प्लेक्सला जुळं भावंड. विझलेल्या ज्वालामुखींचे सुळके गावाच्या पोटातूनच वर आलेत. एका सुळक्यावर दहाव्या शतकातलं चॅपल, २६८ पायऱ्या चढून जायचं. दुसऱ्यावर मेरीचा प्रचंड लालसर पुतळा. क्रिमियाच्या युद्धात सेव्हास्तोपोलला जिंकलेल्या २१३ तोफा वितळवून तो १८६० मध्ये उभा केला. बाकी फेमस म्हणजे लेस, आणि... डाळ! खरंच. हिरवी मसुरासारखी डाळ. ज्वालामुखीच्या मातीत पिकते म्हणून तिचा केवढा तोरा. १९९६ पासून तिला कायद्याने नावाचं संरक्षण आहे. दुसऱ्या कुणी पिकवून ‘प्वीची डाळ’ म्हणायचं नाही.

म्हटलं, चला, वरणभाताची सोय झाली.

मुंबई-पॅरिस विमान, एअरपोर्टवरूनच दोन तासांची फास्ट ट्रेन लिऑनपर्यंत, मग एक लोकल टाइप गाडी सँतेत्येनला, तिथून दुसरी. ती लुआर नदीच्या काठाकाठाने दीडेक तास रमतगमत जाते. खिडकीबाहेर काय सही सीन होता म्हणतात. मी झोपले होते. २७ सप्टेंबरच्या संध्याकाळी उतरले तेव्हा प्लॅटफॉर्मवर एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई आणि त्यांच्या मागे बॅगांचा अंदाज घेणारे गृहस्थ. मादाम आणि मस्यू. दोघंही साठीच्या पुढचे, रिटायर्ड. मुलगा जवळच्याच गावात. रिकाम्या खोल्या ते उन्हाळ्यात यात्रेकरूंना देत आणि हिवाळ्यात शाळेत येणाऱ्या असिस्टंटना. महिना २८० युरो, रात्रीचं जेवण धरून. शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंनी ओळख काढून दिली होती. मेलामेली झाली, त्यात तो खाण्याचा प्रश्न आला आणि मी लिहून मोकळी झाले, मला काहीही चालतं.

आता खरं सांगते. मला काहीही चालत नाही. अंडं खाते, चिकन खाते, कधी मासे. बीफ नाही, पोर्क नाही. आमच्या घरी आजी अजूनही अंड्याचं भांडं वेगळं ठेवते. पण लोकांच्या घरी राहायला जायचं आणि जायच्या आधीच नाटकं सांगायची? आपल्यात कसं असतं, पाहुण्याने ‘काही नको, घरचंच जेवू’ म्हणायचं, आणि यजमानाने ते मनावर घ्यायचं नाही. इतकी वर्षं हेच बघितलेलं.

पहिल्या रात्रीचं जेवण. झाकण उघडलं आणि आत डाळ! डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. मग पळी फिरली आणि डाळीतून गुलाबी तुकडे वर आले. खारवलेलं डुकराचं मांस. गावची स्पेशालिटी, खास माझ्यासाठी केलेली. मी तुकडे बाजूला सारून कडेकडेची डाळ खाल्ली. चार-पाच चमचे असेल. मादामनी विचारलं, अजून? मी गोड हसून, ताट किंचित पुढे सरकवून म्हटलं, ‘मेर्सी.’

आणि भांडं गेलं. सरळ उचललं आणि ओट्यावर!

क्लासमध्ये आम्हाला मेर्सी म्हणजे थँक यू असं शिकवलं होतं. बरोबरच आहे. पण कुणी वाढायला आलं आणि तुम्ही नुसतं ‘मेर्सी’ म्हटलंत तर त्याचा अर्थ होतो ‘नको, पुरे’. हवं असेल तर ‘वुई’ म्हणायचं, किंवा ‘प्लीज’ला जो शब्द आहे तो वापरायचा. आणि नको म्हटलंत की विषय संपला. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे समोरच्याला शब्द मागे घ्यायला लावणं. आग्रह नावाची चीजच नाही. मी बी-वन लेव्हल पास होते, सबजंक्टिव्ह वगैरे झोकात वापरत होते, आणि एका मेर्सीपायी रात्री पावणेनऊला चारच चमच्यांवर उठले.

तुम्ही म्हणाल, दुसऱ्या दिवशी सांगायचं की! हेच तर. दुसऱ्या दिवशी सूप होतं, हॅमचे तुकडे घातलेलं. तिसऱ्या दिवशी बीफ. आता सांगणार कसं? लेखी दिलंय ना, काहीही चालतं! मग मी ‘आज फारशी भूक नाही’ सुरू केलं. ते लोकही बिचारे ‘बों’ म्हणायचे आणि चीजकडे वळायचे. पाव, दोन पानं सॅलड, बोटभर चीज आणि शुभ रात्री. चीज कापण्याचीही एक तऱ्हा असते. त्रिकोणी तुकड्याचं टोक आपल्याला कापून घ्यायचं नाही, मधला मऊ भाग सगळ्यांना मिळाला पाहिजे. मी पहिल्याच दिवशी नेमकं टोक उडवलं. मस्यूंच्या भुवया नुसत्या वर गेल्या आणि खाली आल्या.

खोलीत गेल्यावर मी पलंगाखालची बॅग ओढायचे आणि भाकरवडी खायचे. कुरकुर आवाज होऊ नये म्हणून आधी तोंडात मऊ करून! रिकाम्या पाकिटांचा वेगळाच ताप. त्यांच्याकडे कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकतात, म्हणजे कोण काय खातं ते सगळ्या घराला दिसणार. मी पाकिटं पर्समध्ये घालून स्टेशनजवळच्या कचरापेटीत टाकायला जायचे. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची व्हायला आलेली, बायलाइन असलेली बाई, आणि चोरासारखी कचरा टाकतेय... आईचा फोन यायचा. “नवरात्र आहे, उपास वगैरे करतेयस का गं?” मी म्हणायचे, “हो, जमेल तसा.”

बाकीचे धडेही त्याच आठवड्यात मिळाले. बाथरूममध्ये जमिनीला पाणी जायला जाळीच नाही. टबाबाहेर आंघोळीचं पाणी गेलं की खालच्या छताला डाग. बादली नाही, मग नाही, आणि टॉयलेटमधल्या मगाबद्दल काय बोलावं! मी स्वयंपाकघरातली एक रिकामी प्लॅस्टिकची बाटली लांबवली होती. आणि दुकानात शिरताना ‘बाँजूर’. आपण कसं, सरळ काउंटरला टेकून ‘अर्धा किलो साखर द्या’. तिथे बाँजूर न म्हणता पाव मागितलात तर पाववाली बाई अशी बघते की तुम्ही तिच्या घरात खिडकीतून उडी मारलीय. हे मला मस्यूंनी शनिवारच्या बाजारात शिकवलं. ते कमी बोलतात. मी टोमॅटोवाल्याला किंमत विचारली, तो गप्प. मस्यू कानाशी म्हणाले, ‘बाँजूर’. मी बाँजूर म्हटलं, तो हसला, किंमत सांगितली, वर एक टोमॅटो जास्त टाकला.

मग आला बुधवार, ५ ऑक्टोबर. इथे दसरा. तिथे नात आजीकडे राहायला यायचा वार. आदल्या बुधवारी तिला सर्दी होती म्हणून आली नव्हती. वय वर्षं आठ, पुढचे दोन दात नवे. जेवणात पुन्हा डाळ, पुन्हा तुकडे. मी कडेकडेने खाल्लं, मादामनी विचारलं, मी हसून मेर्सी म्हटलं, भांडं चाललं. आणि ही चिमुरडी खणखणीत आवाजात म्हणाली,

“मामी, ही मेर्सी म्हणते, पण भांड्याकडे बघत बसते!”

(फ्रेंचमध्ये आजीला मामी म्हणतात. इतक्या गंभीर क्षणीही मला माझी डोंबिवलीची मामी आठवली.)

टेबलवर शांतता. मादामनी भांडं परत ठेवलं. माझ्या ताटाच्या कडेला रांगेत लावलेल्या तुकड्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी सगळं ओकले. मेल, पोर्क, बीफ, मेर्सी, भाकरवडी. फक्त बाटलीचं तेवढं नाही सांगितलं. मला वाटलं, आता हसतील. चित्रपटात हसतात ना! मादाम हसल्या नाहीत. त्या चिडल्या, चांगल्याच चिडल्या.

“आठ दिवस तू माझ्या घरात उपाशी आहेस? आणि मी रोज तुझ्यासमोर जेवतेय?”

त्या दिवसापर्यंत त्या मला ‘व्हू’ म्हणत होत्या, आपल्या ‘तुम्ही’सारखं. इंग्रजीवाल्यांना हे व्हू-त्यूचं गणित शिकायला वर्षं लागतात, आपल्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं असतं. त्यामुळे त्या ‘त्यू’ म्हणाल्या ते मला कानापेक्षा आधी पोटात कळलं. त्या पुढे म्हणाल्या, मला वाटत होतं माझा स्वयंपाक तुला आवडत नाही. मी नवऱ्याला रोज विचारतेय, काय करू उद्या? बहिणीला फोन केला. तू मला एक वाक्य सांगितलं असतंस!

मी आत्तापर्यंत स्वतःला या गोष्टीतली सोशिक, समजूतदार मुलगी समजत होते. लोकांना त्रास नको म्हणून पोटाला चिमटा काढणारी. त्या क्षणी लख्ख दिसलं की मी या बाईंना त्यांच्याच घरात वाईट यजमान करून टाकलं होतं, आणि त्यांना पत्ताही लागू दिला नव्हता. पुण्यात कुणी माझ्या आईच्या घरी आठ दिवस असा राहिला असता तर आईने त्याला आयुष्यभर माफ केलं नसतं.

मस्यू उठले. फ्रिजमधून चार अंडी काढली आणि ऑम्लेट टाकलं. माझ्यासमोर ठेवून म्हणाले, ‘अजून?’ मी म्हटलं, ‘वुई.’ नातीने टाळ्या वाजवल्या. दसऱ्याचं पारणं!

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिजवर एक कागद लावलेला होता. दोन रकाने, हो आणि नाही. मादामनी पेन हातात दिलं आणि म्हणाल्या, भर. मी ‘नाही’च्या खाली दोनच शब्द लिहिले. त्या म्हणाल्या, एवढंच? मग हिच्यासाठी एवढा गोंधळ?

मग कुकर निघाला. (हो, कुकर न्याच. त्यांच्याकडेही प्रेशर कुकर असतो, पण तो आपल्यासारखा शिट्ट्या मारत नाही.) मी त्यांच्या लाडक्या डाळीला तीन शिट्ट्या दिल्या. पहिल्या शिट्टीला मस्यू बागेतून धावत आत आले. प्वीच्या डाळीची सगळी इज्जत अशी, की ती शिजली तरी दाणा मोडत नाही. भिजवायची नाही, मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं, दाणा न् दाणा सुटा. मी ती रवीने घोटली, वर आमसूल, गूळ, गोडा मसाला, फोडणी. मादाम बघत होत्या, चेहरा असा की कुणी पैठणीची पायपुसणी करतंय. एक चमचा चाखला. चांगली आहे, म्हणाल्या, पण हिला डाळ म्हणू नकोस, सूप म्हण. त्यानंतर दर गुरुवारी ‘पुण्याचं सूप’ ठरलं. हे सूप भातावर घेतात हे मात्र त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

सांगण्याची खरी परीक्षा पुढेच होती. पगार बँक खात्यात येणार. खातं उघडायला राहत्या पत्त्याचा पुरावा हवा. पुरावा म्हणजे भाडेकरार नाहीतर विजेचं बिल, आणि बिल घरमालकाच्या नावावर. मादामनी ‘ही माझ्याकडे राहते’ असं पत्र लिहून दिलं, सोबत स्वतःच्या ओळखपत्राची झेरॉक्स आणि बिल. मग बँकेची अपॉइंटमेंट दोन आठवड्यांनी, कारण तिथे सगळंच अपॉइंटमेंटने. तोवर पगाराची तारीख टळली. मग दिवाळीच्या सुमारास शाळांना दोन आठवडे सुट्टी. थोडक्यात काय, ऑक्टोबरचा पगार नोव्हेंबरच्या शेवटी. पुण्याहून आणलेले युरो पास, मोबाइल आणि कॅन्टीनमध्ये उडालेले. भाडं द्यायला दमडी नाही.

जुनी मी असते तर बाबांकडे पैसे मागितले असते आणि इकडे काही बोलले नसते. पण फ्रिजवरचा कागद रोज दिसत होता. ३१ ऑक्टोबरला मी सांगून टाकलं. पगार आलेला नाही, भाडं देऊ शकत नाही, आला की देईन. मनात म्हटलं, आता त्या म्हणतील ‘अगं असू दे’, आणि मी आणखी लाजेन. मादामनी चष्मा लावला, ड्रॉवरमधून वही काढली, लिहिलं, ऑक्टोबर, २८० येणे. वही मिटली. ‘बों. कॉफी घेणार?’

विश्वास ठेवा, मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. माफ केलं असतं तर सात महिने मी त्या २८० युरोंच्या ओझ्याखाली भांडी घासत बसले असते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोन महिन्यांचे एकदम दिले. त्यांनी दोन्ही नोंदींवर सरळ रेघ मारली.

शाळेचं सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल ही तिथे जेवायलाच गेली होती. अकरा ते पंधरा वयाची पोरं. २०१८ च्या कायद्यापासून या वयाच्या शाळांत मोबाइल बंद, त्यामुळे नजर तुमच्याकडेच! मला टेन्शन एकच, मी मराठी मीडियमची. दहावीपर्यंत इंग्रजी म्हणजे एक विषय. आणि इथे मी ‘अस्सल इंग्रजी बोलणारी’ म्हणून उभी. पहिल्याच आठवड्यात एकाने विचारलं, इंग्रजी तुझी भाषा आहे का? मी म्हटलं, नाही, माझी मराठी. मग तू आम्हाला कशी शिकवणार? मागे बसलेल्या बाई कावऱ्याबावऱ्या.

मी म्हटलं, मीही तुमच्यासारखी वर्गात बसून शिकलेय. आमच्याकडे लोक ‘मायसेल्फ अमुक अमुक’ म्हणतात, तुम्ही ‘आय हॅव ट्वेल्व्ह इयर्स’ म्हणता. दोन्ही चूक, दोन्ही आपापल्या भाषेतून आलेलं. (फ्रेंचमध्ये वय ‘असतं’, म्हणून ते हॅव.) मला तुमच्या चुका आधीच ऐकू येतात, कारण मी तसल्याच केल्यात. पोरं जरा सैलावली. सत्त्याण्णवला फ्रेंचमध्ये चार-वीस-दहा-सात म्हणतात, म्हणून ती स्वतःच वैतागलेली असतात. मी त्यांना एकोणसत्तर, एकोणऐंशी म्हणून दाखवलं. जगात आपल्याहून वाईट अंक आहेत हे बघून वर्ग प्रचंड खूश!

सगळ्यात भारी झाला तो वारीचा तास. ल प्वी हे यात्रेकरूंचं गाव. इथून स्पेनमधल्या सांतियागोपर्यंत चालत जायची वाट सुरू होते, दीड हजार किलोमीटरच्या वर. इथला एक बिशप इ.स. ९५० च्या सुमारास या यात्रेला गेला, तेव्हापासूनची ही परंपरा. त्यामुळे आळंदी-पंढरपूरचे फोटो लावल्यावर मला काही समजवावंच लागलं नाही. प्रश्न एकदम पॉइंटाचे. फोड आल्यावर काय करतात? रात्री झोपतात कुठे? पुण्यात लोक घरी बोलावतात म्हटल्यावर एक मुलगी म्हणाली, आमच्याकडे पण. मग एकाने विचारलं, शिक्का कुठे मारतात? त्यांच्या यात्रेकरूंकडे पासपोर्टसारखं पुस्तक असतं, मुक्कामागणिक शिक्का. मी म्हटलं, वारीत शिक्का नसतो. मग गेलात हे सिद्ध कसं करणार? मला उत्तर आलं नाही. एका पोराने परस्पर देऊन टाकलं, ‘देवाला माहीत असतं ना!’ ते इंग्रजीत दिलं, आणि वाक्य बरोबर होतं.

हिवाळा मोठा होता. गाव सहाशे मीटरच्या वर, आणि त्या साली विजेचे भाव भडकल्याने सरकारने घरं १९ अंशांवर ठेवा म्हणून सांगितलेलं. मादाम तंतोतंत पाळायच्या. मी दोन स्वेटर घालून आमटी करायचे. १९ जानेवारी २०२३ ला रिटायरमेंटचं वय ६२ वरून ६४ करण्याविरुद्ध संप झाला. स्टाफरूम ओस, मी एकटी कॉफी मशीनपाशी. संध्याकाळी बघते तर मादाम आणि मस्यू मोर्चातून लाल नाकं घेऊन परत. म्हटलं, तुम्ही तर रिटायर्ड आहात! मादाम म्हणाल्या, म्हणून काय?

मार्चअखेर त्यांनी मला समोर बसवलं. १० एप्रिलपासून तुझी खोली यात्रेकरूंना दिलेली आहे. दरवर्षी येणारे आहेत. तू इस्त्रीच्या खोलीत झोपशील का? भाडं निम्मं. नको असेल तर आत्ताच सांग, दुसरी सोय बघू. ना आडपडदा, ना ‘तुला वाईट वाटणार नाही ना’. मी विचार करायला एक दिवस मागितला. सहा महिन्यांपूर्वी जागच्या जागी ‘हो हो, काहीच प्रॉब्लेम नाही’ म्हणाले असते आणि रात्री उशीत रडले असते. दुसऱ्या दिवशी म्हटलं, चालेल, पण टेबल हवं. टेबल मिळालं.

एप्रिलमध्ये घर भरलं. सकाळी सातला कथीड्रलमध्ये यात्रेकरूंचा आशीर्वाद असतो, म्हणून पहाटे पाचपासून बाथरूमसमोर रांग आणि बुटांचा धडधडाट. आदल्या रात्री दहा-बारा जण जेवायला. माझ्याकडे वाढण्याचं काम आलं. मांस वेगळ्या भांड्यात, डाळ वेगळ्या. ती कल्पना मादामचीच. एकदा एक कोरियन मुलगा होता, फ्रेंच चार शब्द. मी विचारलं, अजून? तो हसून, ताट जरासं पुढे करत म्हणाला, ‘मेर्सी.’

मी भांडं उचललं. दोन पावलं गेलेसुद्धा. मग वळून बघितलं, तर तो भांड्याकडे बघत होता.

मी परत येऊन दोन पळ्या वाढल्या. टेबलच्या त्या टोकाकडून मादाम बघत होत्या. न विचारता वाढणं त्यांच्या नियमात बसत नाही, पण त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी पाव पुढे सरकवला.

एवढं ऐकेपर्यंत मैत्रिणीची कॉफी थंड झाली होती. तिने मेल पुन्हा उघडला, स्मायलीसकट ते वाक्य उडवलं आणि लिहिलं. नो बीफ, नो पोर्क, एग्ज ओके, फिश ओके. जरा थांबली आणि पुढे टाइप केलं, ‘आय ईट अ लॉट.’

“हे कशाला?” मी म्हटलं.

“खरंय ना,” ती म्हणाली आणि सेन्ड दाबलं.